शेती आणि आपली अहिंसा



संभाजीनगरचं दुकान मुलाकडे सोपवून आम्ही खुलताबादजवळ दोन एकरांवर राहायला आलो, तेव्हा मंदिरात पहिला प्रश्न आला, "शेती? अगं, किती जीव मरतात!"

माझं माहेर सांगलीकडचं. तिथे आपले कितीतरी जैन पिढ्यान्‌पिढ्या शेतकरीच. आदिनाथ भगवंतांनी असि-मषीबरोबर कृषीही शिकवली, हे आपण विसरतो.

नांगराखाली जीव जातात, हे खरंच. शास्त्र त्याला उद्योगी हिंसा म्हणतं. ती जाणूनबुजून केलेल्या संकल्पी हिंसेहून वेगळी. पण दुकानातून आणलेल्या ज्वारीमागेही तोच नांगर असतो, फक्त आपल्याला दिसत नाही.

इथे बरेच जण अद्रक लावतात, पैसाही चांगला मिळतो. आम्ही कंदमूळ म्हणून टाळलं. तूर, ज्वारी पेरली. उत्पन्न कमी आलं, घरात कुरबुरही झाली. पण विहिरीचं पाणी गाळून जिवाणी त्याच विहिरीत सोडता येते. शहरात नळाच्या पाण्याला ते कुठे जमत होतं?

मला वाटतं, शेतीपासून लांब राहिल्याने आपण निर्दोष ठरत नाही. जीव डोळ्यांना दिसले, की पाऊल आपोआप जपून पडतं.