लाऊंजची मेंबरशिप: आधी खुर्चीचा भाव काढा



दशलक्षण पर्व आटोपलं की आपल्या महिला मंडळात दोन विषय हमखास निघतात. एक दिवाळीचा फराळ आणि दुसरा मुलांकडे जायची तिकिटं. कुणाची लेक न्यू जर्सीला, कुणाचा मुलगा सिंगापूरला, कुणाच्या सुनेचे दिवस भरत आलेले. त्यात हल्ली एक नवा प्रश्न आलाय. "काकू, तुम्ही कॉमर्सच्या. ते एअरपोर्टच्या लाऊंजचं कार्ड घेणं परवडतं का हो?"

माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्या वयाच्या, वर्षातून एकदा-दोनदा विमानात बसणाऱ्या बायकांनी लाऊंजची वर्षाची मेंबरशिप घेऊ नये. पण खरी गरज असेल त्या दिवशी एका वेळचे पैसे भरून आत बसायला अजिबात कचरू नये. ही दोन्ही मतं एकाच हिशेबातून निघतात.

लाऊंज म्हणजे विमानतळावरची वेगळी बैठकीची जागा. सोफे, स्वच्छ बाथरूम, वाय-फाय आणि मांडून ठेवलेलं खाणंपिणं. अमेरिकन एअरलाईन्सने 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर असा पहिला क्लब उघडला, तेव्हा तो निमंत्रितांपुरता होता. आज पैसे भरले की कुणालाही दार उघडतं. प्रायॉरिटी पाससारख्या योजनेत एका सभासदत्वावर जगभरातल्या अनेक लाऊंजमध्ये जाता येतं.

आता आकडे. मी हिशेब मांडला तेव्हा प्रायॉरिटी पासचे तीन प्रकार होते. पहिल्यात वर्षाचे 99 डॉलर आणि प्रत्येक वेळी आत जाताना 35 डॉलर. दुसऱ्यात 329 डॉलर आणि 10 वेळा प्रवेश मोफत. तिसऱ्यात 469 डॉलर आणि कितीही वेळा जा. दर बदलत असतात, घेताना ताजे बघा. हिशेबाची पद्धत मात्र हीच राहील. एकट्या माणसाला दुसरा प्रकार सात खेपांपासून स्वस्त पडतो आणि तिसरा पंधरा खेपांपासून. आपल्यातली कोण वर्षात सात वेळा लाऊंजमध्ये बसणार आहे? म्हणजे आपल्याला उरला पहिला प्रकार.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणींच्या लक्षात येत नाही. सभासदत्व एकाच्या नावावर असतं. बरोबर यजमान असतील तर त्यांचे 35 डॉलर दर खेपेला वेगळे. समजा दोघं मुंबईहून मधल्या एका विमानतळावर थांबून अमेरिकेला निघालात आणि जाताना दोनदा, येताना दोनदा लाऊंजमध्ये बसलात. दोघांच्या मिळून आठ खेपा झाल्या. आठ गुणिले 35 म्हणजे 280, त्यात वर्गणीचे 99. एकूण 379 डॉलर. सोपं जावं म्हणून डॉलर 90 रुपये धरला, तर 34,110 रुपये. आठने भागलं तर माणशी एका खेपेला 4,264 रुपये. त्यातही फक्त मधल्या थांब्यावरच बसलात तर खेपा होतात चार, खर्च 239 डॉलर आणि एक खेप पडते जवळजवळ 5,400 रुपयांना. वर्गणी तेवढीच राहते, वापर कमी झाला की एका खेपेचा भाव चढतो. कॉस्टिंगच्या पेपरात आपण हेच शिकलो होतो.

पण या चार-पाच हजारांत आपल्याला मिळतं काय? आपल्यासाठी हिशेब इथेच इतरांहून वेगळा होतो.

समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात भोग आणि उपभोग यांत फरक सांगितला आहे. एकदा वापरून संपतो तो भोग, जसं अन्न. पुन्हा पुन्हा वापरता येतो तो उपभोग, जसं वस्त्र. लाऊंज या दोन्ही गोष्टी एकत्र विकतं. खाणंपिणं हा भोग, खुर्ची-बाथरूम-शांतता हा उपभोग. जाहिरातीत फोटो असतात ते बहुधा पहिल्याचे. आणि आपण पहिला जवळजवळ घेतच नाही.

तिथल्या टेबलाचा विचार करा. सांबारात कांदा, सूपमध्ये लसूण, कटलेटमध्ये बटाटा, केकमध्ये अंडं. शेजारच्या भांड्यात सामिष आणि चिमटा इकडचा तिकडे. विचारलं तर वाढणारा मुलगा अदबीने "प्युअर व्हेज आहे मॅडम" म्हणतो. त्याचा दोष नाही, त्याला आपले नियम कुठून ठाऊक असणार? शेवटी आपल्या बशीत येतात फळाच्या चार फोडी आणि कपात दूध किंवा चहा. चतुर्दशी असेल तर फळांतही निवड आली. परदेशातल्या बऱ्याच लाऊंजमध्ये मद्यही दरातच धरलेलं असतं, ते आपण घेवो न घेवो.

आणि वेळ? मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्री नाहीतर पहाटे सुटतात. आपण सांगली-कोल्हापूरकडून सात-आठ तास गाडीत बसून तिथे पोचतो तेव्हा सूर्य कधीच मावळलेला असतो. ज्यांचा रात्रीभोजनाचा त्याग आहे त्यांनी वाटेतच जेवून घेतलेलं असतं, काहीजणी तर पाणीही घेत नाहीत. अशा वेळी ते सगळं टेबल आपल्या दृष्टीने रिकामंच. म्हणजे आपण 4,264 रुपये मोजतो ते फक्त खुर्चीचे. गेटजवळची खुर्ची फुकट असते. दोन खुर्च्यांतला फरक एवढ्या पैशांचा आहे का, हा प्रश्न त्या दिवशी, त्या शरीराला विचारायचा. वर्षाच्या सुरुवातीला त्याचं उत्तर देता येत नाही. म्हणूनच माझा वर्षाच्या वर्गणीला विरोध आहे.

काहीजणी म्हणतील, "पण आमच्या कार्डावर फुकट आहे." काही रुपे कार्डांवर खरोखरच 2 रुपये कापून आत सोडतात. हातात असलेल्या कार्डावर ही सोय असेल तर जरूर वापरा. पण त्यासाठी नवं क्रेडिट कार्ड घेऊ नका. अनेक बँकांनी आता त्याला खर्चाची अट जोडली आहे. उदाहरणार्थ, एप्रिल 2024 मध्ये आयसीआयसीआय बँकेने आपल्या बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत 35,000 रुपये खर्च केला असेल तरच ही सवलत ठेवली होती. चार तिमाह्यांचे झाले 1,40,000. घरखर्च तेवढा आपसूक होत असेल तर गोष्ट वेगळी. पण तिमाही संपताना "अजून सहा हजार कमी पडतायत, एक साडी घेऊन टाकू" असं मनात आलं की समजा, आवळा देऊन कोहळा काढला.

शिवाय या सोयी आज आहेत, उद्या नाहीत. सप्टेंबर 2025 मध्ये ड्रीमफोक्स या कंपनीने देशांतर्गत लाऊंजची सेवा बंद केल्याचं कळवलं. बँकांची कार्डं आणि लाऊंज यांना जोडणाऱ्या कंपन्यांमधलं ते मोठं नाव. आणि मेंबरशिप असली तरी आत जागा नसेल तर बाहेर थांबावं लागतं, आत गेल्यावरही बहुधा दोन-तीन तासांची मर्यादा असते. नऊ तासांचा थांबा तीन तासांच्या खुर्चीने भरत नाही.

पैशांपेक्षा मला जास्त खुपते ती वसुलीची वृत्ती. वर्गणी भरली की माणूस ती फेडून घ्यायला बघतो. भूक नसताना बशी भरतो, विमान दहाचं असताना सहाला घरून निघतो, पर्समध्ये बिस्किटांचे पुडे टाकतो. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रह ओळखायची खूण वस्तूंच्या मोजणीत ठेवलेली नाही, मनाच्या आसक्तीत ठेवली आहे. लाऊंजमध्ये बसल्याने परिग्रह होत नाही. "भरलेत ना पैसे, मग सोडायचं कशाला" हे मन म्हणजे परिग्रह. वर्गणी आपल्या मनाला नेमकं तेच शिकवते.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते.

माझ्या जाऊबाई दोन वर्षांपूर्वी मुलाकडून परत येत होत्या. भावजींना मधुमेह, यांचे दोन्ही गुडघे दुखरे. मधल्या विमानतळावर नऊ तास थांबायचं होतं. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, लाऊंजचे पैसे मी इथून भरतो, दोघं जाऊन पडा." त्या म्हणाल्या, "आपल्याला काय करायचंय तिथे? आपल्याला ते शोभत नाही." लोखंडी खुर्चीवर एसीच्या गारठ्यात दोघं नऊ तास बसले. घरी आल्या तेव्हा पावलं इतकी सुजलेली की चपलेत मावत नव्हती. आठवडाभर देवळाची पायरी चढता आली नाही.

मैत्रिणींनो, हे व्रत नव्हे. व्रत म्हणजे समजून, ठरवून घातलेली मर्यादा. आपल्या पिढीच्या बायकांना स्वतःवर पैसा खर्च करायचा संकोच असतो आणि त्या संकोचाला आपण धर्माचं नाव देतो. नातवाच्या खेळण्यावर पाच हजार सहज जातात, स्वतःच्या गुडघ्यांना पाच तास आराम देताना मात्र अपरिग्रह आठवतो. भोगोपभोग परिमाणात 'परिमाण' हा शब्द आहे. माप ठरवा असं तो सांगतो. माप शून्यच हवं असं कुठे म्हटलंय? दुखणाऱ्या शरीराला टेकायला जागा दिली तर सामायिकही शांत चित्ताने होतं.

म्हणून एका वेळचा प्रवेश. अनेक लाऊंज मेंबरशिप नसली तरी पैसे घेऊन आत सोडतात आणि त्यांचा दर आधी इंटरनेटवर बघता येतो. वर काढलेल्या हिशेबात आठ खेपांना माणशी भाव पडला 47 डॉलर. एका वेळचा दर त्याच्या आत असेल तर मेंबरशिप तोट्याचीच. आणि मुलं "पैसे आम्ही देतो" म्हणत असतील तर त्यांना दुखवू नका. त्यांना सांगा, मेंबरशिप नको, थांबा कमी असलेलं तिकीट काढ. नऊ तासांऐवजी तीन तासांचा थांबा मिळत असेल आणि तिकीट थोडं महाग असेल, तर लाऊंजचे दोघांचे पैसे त्या फरकात घालणं केव्हाही शहाणपणाचं.

ज्यांच्या मुली-सुना नोकरीसाठी महिन्यातून दोनदा विमानाने जातात, त्यांची गोष्ट वेगळी. वर्षाला पंधरापेक्षा जास्त खेपा, बसून लॅपटॉपवर काम, एकटीने प्रवास. त्यांना मेंबरशिप परवडते, आणि त्यांच्यासाठी ती चैनही नाही. आपला नियम त्यांच्यावर लादू नका.

बाकी आपली तयारी आपल्याच हातात असते. तिकीट काढतानाच जैन जेवण नोंदवा. विमान कंपन्यांत त्याचा कोड आहे व्हीजेएमएल, कांदा-लसूण आणि कंदमुळांशिवायचं. किमान एक दिवस आधी फोन करून नोंद झाली आहे ना याची खात्री करा. सोबत दशम्या, तिखट पुऱ्या, साधं भडंग, खाकरे. ताजी फळं मात्र अमेरिकेत उतरायच्या आधी संपवा. परदेशी प्रवासात तपासणीतून 100 मिलीपेक्षा मोठी भरलेली बाटली नेता येत नाही, म्हणून रिकामी बाटली न्या आणि आत गेल्यावर पाणी भरा. देशांतर्गत अडीच तासांपर्यंतच्या विमानाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला, तर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची असा डीजीसीएचा नियम आहे. तो काउंटरवर शांतपणे सांगा. डिसेंबर 2024 मध्ये कोलकाता विमानतळावर सरकारने उडान यात्री कॅफे सुरू केला, तिथे चहा 10 रुपयांना ठेवला. पुढे चेन्नईलाही तो आला. अशी जागा दिसली तर चहासाठी लाऊंजची गरजच उरत नाही.

मी घरच्या वहीत आमच्या दोघांचं माप लिहून ठेवलंय. पाच तासांपेक्षा जास्त थांबा, किंवा दोघांपैकी एकाला बरं नसेल, तर एका वेळचे पैसे भरून लाऊंज, काही मनात न आणता. एरवी गेटजवळची खुर्ची, मांडीवर शाल आणि हातात जपमाळ. तुमच्या गुडघ्यांप्रमाणे तुमचं माप वेगळं असेल. तिकीट काढायच्या आधी तेवढं लिहून ठेवा, म्हणजे विमानतळावर ना हाव सुटेल, ना संकोच वाटेल.