मुद्गल परतला, पण परक्या नावाने

महानगरांतील चकचकीत जिममध्ये अलीकडे नवी लाट आली आहे. लाकडी मुद्गल फिरवणे, लांब दांड्याची गदा घुमवणे, वाळूचे पोते खांद्यावर घेणे, दोर चढणे. यास 'अपारंपरिक' व्यायाम म्हणून भरभक्कम शुल्क आकारले जाते. ज्या समाजाच्या आखाड्यांत मुद्गल आणि गदा पिढ्यानपिढ्या नांदल्या, त्यालाच त्या परक्या नावाने विकत घ्याव्या लागाव्यात, हा दैवदुर्विलासच होय.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज लष्कराने मुद्गल येथूनच उचलला. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याच्या हलक्या रूपाची स्पर्धाही झाली. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिनला भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली. जगाने आपले घेतले. आपण मात्र ते अडगळीत टाकले.

तथापि केवळ अभिमानाने स्नायू बळकट होत नाहीत. तांबड्या मातीत घडलेले खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला सहावे आले. गादीवरील कुस्तीचा सराव वाढवून १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. मातीने देह दिला, शास्त्रशुद्ध तयारीने पदक दिले.

हा प्रश्न सर्वाधिक तीव्रतेने भेडसावतो तो प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरील सिरोंचासारख्या तालुक्याला. माओवाद्यांनी ज्या भूमीतील तरुणांच्या हाती बंदूक दिली, तेथील युवक आज पोलीस भरतीचे स्वप्न पाहतो. त्याच्यापुढे तीन कसोट्या असतात : १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि ७.२६ किलोचा गोळा फेकणे. शेकडो बैठकांनी दम वाढतो; परंतु गोळा फेकण्यास लागणारी क्षणिक, स्फोटक ताकद त्याने येत नाही. त्यासाठी क्रमाक्रमाने वाढविलेले वजन, मोजकी आवर्तने आणि पुरेशी विश्रांती हवी. बारबेलचे सामर्थ्य तिच्या मोजमापात आहे. उलट मुद्गलाने खांदे व मनगटे घडतात, आणि वाळूच्या पोत्याचा डोलणारा भार पाठ व कंबर यांची अशी परीक्षा घेतो, जी स्थिर वजन घेऊ शकत नाही.

म्हणून वाद परंपरा विरुद्ध आधुनिकता असा नाहीच. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. काटकपणा त्यांना रानाने दिला होता; शिखरावर पोहोचविले ते दार्जिलिंग व लडाखमधील शिस्तबद्ध प्रशिक्षणाने.

सिरोंचात वातानुकूलित जिम उभारण्याची वाट कशाला पाहायची? गावच्या सुताराने घडविलेली मुद्गलांची जोडी, वाळूची पोती, एक दोर, एक बारबेल, भार व आवर्तने नोंदविण्याची वही आणि जाणकार प्रशिक्षक, एवढ्यावर व्यायामशाळा उभी राहते. पैशांपेक्षा रोज पहाटे तेथे हजर राहणाऱ्या कार्यकर्त्याची वाण अधिक आहे. बलोपासना हे आपले व्रत असेल, तर त्याची पहिली वेदी संगमाच्या काठी मांडली गेली पाहिजे.