ऑफिस सुटलं, ई-मेल सुटेना: ‘राइट टू डिस्कनेक्ट’ विधेयक काय सांगतं?

भातसानगरहून मुंबईला नोकरीसाठी जायचं तर आधी आसनगाव स्टेशन गाठावं लागतं. तिथून लोकलने सीएसएमटीपर्यंत दोन तासांच्या आसपास, आणि संध्याकाळी पुन्हा तेवढेच. हा वेळ एकेकाळी डुलकीचा, भजनाचा नाहीतर पत्त्यांचा होता. आता गाडीत बसायला जागा मिळाली की अनेकांचा पहिला हात ऑफिसच्या मेलकडे जातो. हजेरीत मात्र हे तास धरले जात नाहीत.

म्हणूनच बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी ५ डिसेंबर २०२५ रोजी लोकसभेत मांडलेलं ‘राइट टू डिस्कनेक्ट’ विधेयक शहापूर, कसाऱ्याच्या चाकरमान्यांनाही लागू पडणारं आहे. कामाच्या वेळेनंतर आणि सुट्टीच्या दिवशी ऑफिसचे फोन व ई-मेल यांना उत्तर न देण्याचा हक्क, असा त्याचा गाभा. नियम मोडणाऱ्या कंपनीला कर्मचाऱ्यांच्या एकूण वेतनाच्या १ टक्का दंडाची तरतूद त्यात आहे.

पण लगेच खूश होऊ नका. हे खासगी विधेयक आहे, म्हणजे मंत्र्यांनी नव्हे तर एका खासदाराने मांडलेलं. असं विधेयक संसदेत मंजूर होऊन कायदा झाल्याला १९७० नंतर मुहूर्त लागलेला नाही. सुळे यांनी याच विषयावर २०१८ मध्येही विधेयक आणलं होतं, ते पुढे सरकलं नाही. फ्रान्समध्ये असा हक्क २०१७ पासून, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून आहे.

मग तोवर काय?

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १२४ जणांवर एक प्रयोग केला. एक आठवडा दिवसातून फक्त तीनदा मेल बघायचे, दुसरा आठवडा हवे तितक्यांदा. तीनदा बघण्याच्या आठवड्यात ताण कमी जाणवला, असं २०१५ च्या त्यांच्या शोधनिबंधात म्हटलंय. म्हणजे त्रास मेलच्या संख्येइतकाच पुन्हा पुन्हा डोकावण्याचाही असतो. नोटिफिकेशन बंद करून सकाळी, जेवणानंतर आणि निघण्याआधी अशा तीन वेळा ठरवणं म्हणूनच सर्वात स्वस्त उपाय. दुसरा, ‘सीसी’त ठेवलेल्यांचा. ‘माहितीसाठी’ आलेले असे मेल आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये टाकणारा नियम आउटलुकमध्ये लावता येतो. त्यातल्या बहुतेकांना उत्तर लागतच नाही.

अर्थात, वरिष्ठांना पाच मिनिटांत उत्तर हवं असेल तर हाताखालच्या माणसाची शिस्त किती पुरणार? खरी मेख इथे आहे, आणि सवय वरून बदलावी लागते. ‘तातडीचं असेल तर फोन, बाकी सगळं उद्या’ एवढं टीममध्ये स्पष्ट सांगितलं तरी रात्रीचे निम्मे मेल निरुपद्रवी होतील. रात्री अकराला लिहिलेला मेल सकाळी दहाला जाईल अशी वेळ लावण्याची सोय जीमेलमध्ये २०१९ पासून आहे. ती वापरायची मात्र साहेबांनी.