फौजीची घरवाली

फौजी जवान बहुधा चाळिशीच्या आसपासच पेन्शन घेऊन घरी येतो. कुणी रात्री दचकून उठतो, कुणी मुलांना हुकूम सोडतो. (घर म्हणजे काय बराक आहे?) बायको हे माहेरीही बोलत नाही. दुसऱ्या फौजीच्या बायकोला मात्र ते अर्ध्या वाक्यात कळतं.

भगिनींनो, अशा चारजणी दुपारी जमा. चहा घ्या, रडू आलं तर रडा. आणि एकमेकींचे पीपीओ, म्हणजे पेन्शनचे आदेश, काढून बघा. आपल्याकडे एकच बाई कुठे ‘बी’, कुठे ‘बानो’, कुठे ‘बेगम’! नाव, जन्मतारीख आधारशी जुळत नसेल तर शौहर हयात असतानाच दुरुस्त करून घ्या; मागाहून कौटुंबिक पेन्शन अडते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकटीला संकोच वाटत असेल, तर दोघी मिळून जा.