सांगितलं, मग पुढे काय?

मुलामुलींनो,

नको असलेला स्पर्श झाला तर 'नाही' म्हणायचं, तिथून निघायचं, मोठ्यांना सांगायचं, हे तुम्हाला पाठ आहे. पण वर्गात मुलं हळूच विचारतात, "बाई, सांगितलं की पुढे काय होतं? पोलीस येतात?" पुढचं माहीत नसलं की भीती वाटते आणि मूल गप्प राहतं. म्हणून आज पुढचंच सांगते.

आपल्या देशात २०१२ साली खास मुलांसाठी कायदा झाला. त्याला पॉक्सो म्हणतात. अठरा वर्षांखालच्या सगळ्यांसाठी तो आहे, मुलगा असो की मुलगी. असा प्रकार कळूनही मोठा माणूस गप्प बसला तर तोही गुन्हा. मुलाने मात्र भीतीने सांगितलं नाही, तर त्याला शिक्षा नाही.

पोलीस ठाण्यात जावं लागेल का? मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेतात. जबाब घेणाऱ्या शक्यतो महिला अधिकारी असतात, आणि अंगावर गणवेश नसतो. आई-बाबा किंवा विश्वासाचं माणूस जवळ असतं. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीला तपासायला डॉक्टरबाईच हव्यात.

गावभर होईल? मुलाचं नाव, फोटो, शाळा छापायला बंदी आहे.

तो माणूस घरातलाच असेल तर? पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. अशा वेळी त्या घरात राहणं सुरक्षित आहे का, हे समितीने तीन दिवसांत ठरवायचं, तेही मुलाचं म्हणणं ऐकून. शेवटपर्यंत सोबत राहील असं मदतीचं माणूसही समिती देऊ शकते.

आणि कोर्टात? तिथे तो माणूस मुलाच्या नजरेसमोर येणार नाही अशी सोय करतात, पडदा लावून किंवा व्हिडिओवरून. वकिलाने मुलाला थेट विचारायचं नाही. प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे, मग ते विचारतात.

सगळं नेहमी असंच नीट होतं, असं मी म्हणणार नाही. खटला शक्यतो वर्षात संपावा असं कायदा सांगतो, तरी पुष्कळ खटले रेंगाळतात. पण नियम माहीत असला की तुमचे आई-बाबा तो मागू तरी शकतात. हे पान त्यांनाही वाचायला द्या.

घरी सांगता येत नसेल तर १०९८ हा नंबर फिरवा. मुलांसाठीची ही फोनसेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली, आता देशभर आहे. रात्री-अपरात्रीही चालते, पैसे पडत नाहीत.

ज्यांना पहिल्यांदा सांगाल ते कदाचित म्हणतील, "छे, काहीतरीच!" मग दुसऱ्यांना सांगा. आजीला, मावशीला, बाईंना. कुणीतरी ऐकेपर्यंत सांगत राहा. उशीर झाला असला, तरी सांगा. त्यात तुमची काहीही चूक नाही.

तुमच्या बाई