आधी स्क्रू, मग दुर्बीण

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की शिकारी चांदमारीला जातात, आणि काहींच्या पोटात गोळा येतो. गेल्या वर्षी 100 यार्डांवर दीड इंचात गोळ्या बसवणारी रायफल आता सहा इंचांत गोळ्या उधळते. लगेच दुर्बिणीच्या चकत्या फिरवत बसणं साफ चूक. गोळ्या एकत्र, पण भलतीकडे लागत असतील तर चकती उपयोगी. विखुरत असतील तर दोष वेगळा. नळी एका रात्रीत झिजत नाही, स्क्रू मात्र धक्क्यांनी सैल होतात. म्हणून रायफल रिकामी आहे याची खात्री करून आधी दुर्बिणीच्या कड्या आणि त्यांची बैठक, मग दस्त्याचे स्क्रू तपासावेत. नळी दस्त्यापासून सुटी ठेवलेली असेल तर मध्ये एक नोट सरकवावी. ती अडली आणि दस्ता लाकडी असेल तर समजावं, बहुधा ओल धरून लाकूड फुगलंय. तापलेली नळी त्याला टेकली की गोळ्या वेगवेगळीकडे जाऊ शकतात. मग काडतुसांचा बदललेला लॉट, नळीतला तांब्याचा थर, नळीच्या तोंडाच्या कडेवरचा टवका. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कारण कधीच कळणार नाही. आणि रायफल ताळ्यावर येईपर्यंत रानात अजिबात जाऊ नये. भलत्या जागी गोळी लागलेलं हरीण पळून जाऊन तासन् तास तडफडत मरू शकतं.