पणजोबा चालतात, आजोबा चालत नाहीत

जयपूरच्या मुरलीपुरा भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका शिंप्याचे दुकान आहे. माणूस चाळिशीचा, हाताला सफाई, तोंडी गोड सिंधी वळणाची हिंदी. जन्म १९८४ सालचा, सिंधमधील मीरपूर खासचा. २०१६ साली थार एक्सप्रेसने तो सहकुटुंब इकडे आला. सोबत त्याचे थोरले काका आणि चुलतभाऊही होते. एकच घर, एकच आजोबा, एकच गाडी. आज काका आणि चुलतभाऊ भारताचे नागरिक आहेत. हा मात्र परदेशी आहे आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतो.

असे का? चुलतभाऊ अधिक सज्जन होता, त्याने अधिक खेटे घातले किंवा त्याला कोणाची ओळख होती, यांपैकी काहीही घडलेले नाही. कारण एवढेच की काकांचा जन्म १९४६ चा आणि या शिंप्याच्या वडिलांचा १९५१ चा. मधल्या काळात सीमारेषा आखली गेली. त्याच अंगणात, त्याच आईच्या पोटी जन्मलेल्या दोन भावांपैकी एक कायद्याच्या दृष्टीने ‘अविभाजित भारतात’ जन्मला आणि दुसरा परदेशात.

नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ५(१)(क) नुसार भारतीय वंशाच्या व्यक्तीला सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीद्वारे नागरिकत्व मागता येते. भारतीय वंशाचा कोण, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात सांगितले आहे: जो स्वतः, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी कोणी एक, अविभाजित भारतात अथवा १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारताचा भाग झालेल्या प्रदेशात जन्मला तो. साखळी येथे तुटते. आजोबांचा उल्लेख नाही. चुलतभावाचे वडील १९४६ चे, म्हणून तो भारतीय वंशाचा. आमच्या शिंप्याचे वडील १९५१ चे, म्हणून तो वंशाने भारतीय नाही! त्याला कलम ६ खाली, एखाद्या पूर्णतः परक्या माणसाप्रमाणे, देशीयकरणाचा मार्ग धरावा लागतो. त्यासाठी अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी एकूण अकरा वर्षे येथे काढलेली असावी लागतात. म्हणजे २०२८ पर्यंत त्याने अर्जच करायचा नाही.

संविधानकर्त्यांना असे अभिप्रेत होते का? संविधानाचा सहावा अनुच्छेद पाकिस्तानातून आलेल्यांसाठी आहे. त्यात ‘तो, त्याच्या आईवडिलांपैकी कोणी, किंवा त्याच्या आजीआजोबांपैकी कोणी’ भारतात जन्मलेला असावा, अशी अट आहे. परदेशी राहणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीच्या आठव्या अनुच्छेदातही आजीआजोबा आहेत. फाळणीची जखम ओली होती, निर्वासितांचे लोंढे येत होते, तेव्हा संविधानसभेने आजोबांपर्यंत हात पोहोचवला. वास्तव्याची अटही तेव्हा किती होती? १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यांना नोंदणीचीही गरज नव्हती. नंतर आलेल्यांना सहा महिने. १९५५ च्या मूळ कायद्यातही भारतीय वंशाच्या व्यक्तीला सहा महिनेच पुरेसे होते. १९८६ च्या दुरुस्तीने त्याची पाच वर्षे झाली आणि २००३ च्या दुरुस्तीने सात. फाळणी जसजशी दूर गेली, तसतसे फाळणीग्रस्तांचे दार अरुंद होत गेले.

आता कायद्याची दुसरी बाजू पाहा. महाराष्ट्राबाहेर, विशेषतः परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना ‘ओसीआय’ कार्ड परिचयाचे आहे. एखाद्या भारतीय नागरिकाचा टोरांटोत जन्मलेला पणतू, ज्याने कदाचित भारत पाहिलेलाही नाही, कलम ७ए खाली या कार्डास पात्र ठरतो. मुलगा, नातू, पणतू. कायदा तीन पिढ्या खाली उतरतो. याबद्दल माझी तक्रार नाही, उलट आनंदच आहे. परंतु त्याच कलमात असेही आहे की जी व्यक्ती स्वतः, किंवा जिचे आईवडील, आजीआजोबा अथवा पणजी-पणजोबा पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिक होते, तिला हे कार्ड मिळणार नाही. ११ मार्च २०२४ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांतही, अर्जदार मूळचा त्या तीन देशांपैकी एकाचा आहे हे सिद्ध करण्यासाठी पणजोबांपर्यंतचा कागद चालतो.

थोडक्यात, एखाद्याचे परकेपण सिद्ध करायचे असेल तर पणजोबा चालतात. त्याचे भारतीयत्व सिद्ध करायचे असेल तर आजोबाही चालत नाहीत. याला न्याय म्हणायचे की विसंगती, हे वाचकांनी ठरवावे.

‘पण २०१९ ची दुरुस्ती आहे ना?’ असे कोणी विचारील. आहे. तिने अकरा वर्षांची अट सहा समुदायांसाठी पाच वर्षांवर आणली. १५ मे २०२४ रोजी दिल्लीत पहिली चौदा प्रमाणपत्रेही दिली गेली. परंतु ती ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी. आमचा शिंपी २०१६ चा. डिसेंबर २०१६ मध्ये सात राज्यांतील सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार सोपवले गेले. त्यात राजस्थानातील जयपूर, जोधपूर, जैसलमेर होते, तसेच आपले मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूरही होते. उल्हासनगर किंवा नागपूरचा जरीपटका ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या यादीचे कारण सांगावे लागणार नाही. निर्णय उत्तम होता, दिल्लीचे हेलपाटे वाचले. पण अधिकार जवळ आला तरी व्याख्या तीच राहिली. खिडकी घराशेजारी उघडली, मात्र खिडकीवर विचारला जाणारा प्रश्न बदलला नाही.

तोपर्यंतचे आयुष्य व्हिसावर. २०१६ मध्ये केंद्राने दीर्घ मुदतीच्या व्हिसाधारक अल्पसंख्याकांना बँक खाते, पॅन, आधार, वाहन परवाना, स्वतःपुरते घर व दुकान घेण्याची मुभा दिली, हे मान्य करायलाच हवे. परंतु व्हिसाची मुदत संपते आणि नूतनीकरणाचा अर्ज कोठल्या तरी टेबलावर असतो, त्या मधल्या काळात हा माणूस कोण असतो? २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहतील, असा खुलासा लगेच झाला. पण आमच्या शिंप्याचा नूतनीकरणाचा अर्ज तेव्हा प्रलंबित होता. तो माझ्याकडे आला, हातात पावती. म्हणाला, ‘‘साहेब, ज्यांना व्हिसा दिला आहे त्यांनी घाबरू नये, असे म्हणतात. मला दिला आहे की द्यायचा आहे?’’ इतकी वर्षे सरकारी फायली हाताळलेल्या माझ्यापाशी त्याला देण्यासारखे छातीठोक उत्तर नव्हते. तीन आठवड्यांनी व्हिसा मिळाला. ते तीन आठवडे त्याने नवे कापड घेतले नाही. परत करता येणार नाही म्हणून.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हे कापड महत्त्वाचे वाटते. प्रतीक्षेला किंमत असते. ज्याला उद्याची खात्री नाही तो यंत्र घेत नाही, दुसरा कारागीर ठेवत नाही, मुलीला दूरच्या चांगल्या शाळेत घालत नाही. शासनाच्या ताळेबंदात मात्र विलंबाचा खर्च कोठेच दिसत नाही, कारण तो दुसऱ्याच्या खिशातून जातो. जो खर्च आपल्याला भरावा लागत नाही, तो कमी करण्याची निकडही आपल्याला वाटत नाही.

आणि त्याची मुलगी? ती २०१८ साली जयपुरातच जन्मली. परंतु ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे आईवडील दोघेही परदेशी असतील, तर ते मूल जन्माने भारतीय ठरत नाही. जिने सीमा ओलांडली नाही, तीही परदेशी!

सुरक्षेचा आक्षेप मी हलका मानत नाही. पण या माणसाचा पत्ता, छायाचित्र, नातलग, उत्पन्न सारे सरकारदप्तरी आहे. पोलिसांनी पुनःपुन्हा चौकशी केलेली आहे. अकरा वर्षे तपासून जे कळत नाही, ते बाराव्या वर्षी कसे कळणार? आणि वडिलांचा जन्म १९४६ चा असला की धोका कमी आणि १९५१ चा असला की जास्त, हे कोणते सुरक्षाशास्त्र? कसून चौकशी करा, पण ती माणसाची करा. त्याच्या वडिलांच्या जन्मतारखेची करू नका.

चार गोष्टी करता येतील. पहिली, कलम ५ च्या स्पष्टीकरणात आजीआजोबा परत आणावेत. संविधानात ते आहेतच. दुसरी, नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत दिला असेल तर निर्णय होईपर्यंत व्हिसा चालू मानला जाईल, असे पावतीवरच छापावे. तिसरी, २०२४ च्या नियमांनी मुदत संपलेले कागद ग्राह्य धरले आहेत, तीच सवलत सर्व अर्जदारांना द्यावी. नागरिकत्व मागणाऱ्या माणसाला जो देश सोडला त्याच्याच वकिलातीत पासपोर्ट नूतनीकरणासाठी पाठवणे शहाणपणाचे नाही. चौथी, कलम ५(४) खाली विशेष परिस्थितीत कोणत्याही अज्ञान मुलाची नागरिक म्हणून नोंदणी करण्याचा अधिकार केंद्राला आजही आहे. येथे जन्मलेल्या मुलांसाठी तो वापरावा. यांतील पहिलीसाठी संसद लागेल; उरलेल्या तिन्हींसाठी नियम, आदेश आणि इच्छा पुरेशी आहे.

ही मते अर्थातच माझी व्यक्तिगत आहेत. टोरांटो, दुबई वा सिडनीत बसून हे वाचणाऱ्यांना एकच विनंती. तुमच्या निवासी परवान्याची मुदत संपत आली की पोटात कसा गोळा येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यामागे निदान एक देश उभा असतो, नाही जमले तर परत यायला. मुरलीपुऱ्यातील त्या शिंप्याला परत जायला देश नाही. परत येऊन तर तो इथे पोहोचला आहे.